कोंबड्यांसाठी खडे: मराठवाड्यातल्या पाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाद्य, लस, जंताचं औषध यांवर गावोगावी बोललं जातं. खड्यांवर फारसं कुणी बोलत नाही, कारण कोंबडी ते स्वतःच टिपते असा सगळ्यांचा समज. मोकळ्या माळरानावर तो बराचसा खराही आहे. पण आता कोंबड्या जाळीत आल्या, अंगणात फरशी आली, आणि आपल्याकडची खोल काळी जमीन तर मुळातच बिनखड्यांची. परसात पाच-दहा गावरान पक्षी ठेवणाऱ्या बायका, दोन-तीनशे पक्ष्यांचं शेड टाकलेली तरुण मुलं, अंड्यांचा धंदा करणारे, सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आमची कोंबडी बारीक दगडं वेचून खायली. तिच्या पोटाला इजा व्हायची नाही का?

नाही. उलट ती तिची गरज आहे. कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा आधी गळ्याखालच्या अन्नपिशवीत जाऊन भिजतो, मऊ पडतो. तिथून तो छोट्या ग्रंथिल जठरात उतरतो, तिथे त्यावर आम्ल आणि पाचक रस सुटतात. मग येतं गिझार्ड, म्हणजे चिकनवाला कलेजीबरोबर देतो तो पेटा. काही गावांत त्याला पथरी म्हणतात. जाड स्नायूंची ही पिशवी मिनिटाला दोन-तीनदा आवळते आणि आत साठलेल्या खड्यांमध्ये दाणा भरडला जातो. कोंबडीचं जातं ते हेच. दाणा फुटला की आतलं पीठ आणि प्रथिनं पाचक रसांना सापडतात. न फुटता पुढे गेलेला दाणा बराचसा वाया जातो.

गिझार्डला आतून पिवळसर चिवट अस्तर असतं. पेटा साफ करताना आपण जी साल ओढून काढतो, ती हीच. तिच्यामुळे खड्याची धार आतल्या मांसाला लागत नाही. पुढच्या वेळी घरी गावरान कोंबडी कापली तर पेटा चिरून आतले खडे धुऊन बघा. बहुतेक खडे घासून गुळगुळीत झालेले दिसतील. बाजारातल्या ब्रॉयलरचा पेटा शेजारी ठेवला तर तो शरीराच्या मानाने लहान आणि मऊ लागेल, आत खडा नसेल. त्या पक्ष्याने जन्मभर दळलेलं खाद्य खाल्लं, स्नायूंना काम पडलंच नाही.

गावरान कोंबडी दिवसभर मोकळी हिंडते. तिलाही खडे द्यायचे का?

तुमचं गाव कोणत्या जमिनीवर आहे यावर हे ठरतं.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, बीड-धाराशिव-लातूरच्या माळांवर, अजिंठ्याच्या रांगांच्या पायथ्याला जमीन उथळ आहे. पायाखाली मुरूम, काळ्या खडकाचे तुकडे, मधूनच पांढऱ्या गारगोट्या. तिथली मोकळी कोंबडी स्वतःची सोय करते. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेलं की बेसाल्टचा काळा खडक संपून ग्रॅनाइट लागतो. ग्रॅनाइटचे कण या कामाला उत्तम.

अडचण गोदावरी, दुधना, पूर्णा यांच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत येते. परभणी, हिंगोली, जालना, नांदेडमधल्या कित्येक गावांत दोन-दोन हात खणलं तरी कडक खडा लागत नाही. लागतात ते चुनखडीचे पांढरट गोळे. कोंबडी ते खडा म्हणून टिपते, पण गिझार्डमध्ये येणाऱ्या आम्लात ते विरघळून जातात आणि दाणा भरडायचं काम तसंच राहतं. अशा गावात मोकळ्या कोंबडीलाही बाहेरून कडक खडे द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर काळ्या मातीचा चिखल होतो, खडे त्यात बुडून जातात आणि झडीच्या दिवसांत पक्षी खुराड्यातच बसून असतात. माळावरच्या गावांनीही या दिवसांत खड्यांचं एक भांडं आत ठेवावं. गिझार्डमधले खडे एका दिवसात संपत नाहीत. नवे मिळाले नाहीत तर कोंबडी आहेत तेच कित्येक आठवडे धरून ठेवते. त्यामुळे एखादा आठवडा भांडं रिकामं राहिलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण अख्खा पावसाळा तसाच जाऊ देऊ नये.

हातातला खडा चुनखडीचा आहे की कडक दगड, कसं ओळखायचं?

खडा फोडा आणि ताज्या फुटीवर लिंबाचे किंवा व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे येऊन फसफसलं तर चुनखडी. काहीच झालं नाही आणि खडा नखाने खरवडला जात नसेल तर तो चालेल. मुरुमाची परीक्षा बोटांनी करा. चिमटीत दाबून चुरा होणारा मऊ मुरूम गिझार्डमध्ये लवकरच माती होतो. त्याने अपाय नाही, पण भरवसाही नाही.

आम्ही शिंपल्यांचा चुरा देतो. मग वेगळे खडे कशाला?

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. दुकानदारही दोन्हींना "ग्रिट" म्हणून एकाच पोत्याकडे बोट दाखवतो.

कडक दगडाचा खडा दळायच्या कामाचा. तो आम्लात विरघळत नाही, आत राहून झिजतो आणि शेवटी बारीक होऊन बाहेर पडतो. त्यातून पोषण काहीही मिळत नाही. शिंपले, चुनखडी, संगमरवराचा चुरा, अंड्याची टरफलं हे सगळं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते पोटात विरघळतं आणि त्यातलं कॅल्शियम अंड्याच्या कवचाला, हाडांना लागतं. विरघळेपर्यंत थोडंफार दळायलाही मदत होते, पण त्यावर विसंबता येत नाही.

आकडे बघा म्हणजे कॅल्शियमचं महत्त्व कळेल. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. खाल्लेलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला दिवसाला सुमारे चार ग्रॅम कॅल्शियम पोटात जावं लागतं. १०० ग्रॅम ज्वारीतून मिळतं ते साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम. नुसत्या ज्वारी-बाजरीवर कोंबडी रोज अंडं देत असेल तर ती ते कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढते आहे. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, मध्ये खुडूक बसते, त्यामुळे तिचं भागून जातं. जास्त अंडी देणाऱ्या सुधारित जातीच्या कोंबड्यांचं तसं भागत नाही.

म्हणून भांडी दोन ठेवा. एकात कडक खडे, दुसऱ्यात शिंपले. कोंबडीला कॅल्शियमची भूक कळते. अंड्यावर असलेली शिंपल्यांकडे जास्त जाते, कोंबडा क्वचितच जातो. दोन्ही एकत्र मिसळलं की ही निवड तिच्या हातात राहत नाही. खाद्यात शिंपले कालवून सगळ्यांना सारखे चारणं तर आणखी वाईट, कारण त्यात तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि पिल्लंही येतात. अंड्यावर न आलेल्या पक्ष्याच्या खाद्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास पुरतं. महिनोन्महिने त्याच्या तीन-चार पट गेलं तर मूत्रपिंडं खराब होतात आणि आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर बसून पक्षी मरतात.

अंड्याची टरफलं दिली तर कोंबड्या अंडी फोडायला शिकतात म्हणे?

अर्धं टरफल तसंच टाकलं तर ओळख पटून सवय लागू शकते. टरफलं धुऊन तव्यावर चांगली तापवा, कुरकुरीत झाली की हाताने चुरा. तांदळाच्या कणीएवढा चुरा ठेवा, पीठ करू नका. जाडसर तुकडा गिझार्डमध्ये थोडा वेळ टिकतो आणि हळूहळू विरघळतो. त्याचा फायदा मोठा आहे, कारण अंड्याचं कवच बनायला वीसेक तास लागतात आणि बरंचसं काम रात्री होतं, जेव्हा कोंबडी काही खात नाही. याच कारणाने शिंपले किंवा टरफलं दुपारनंतर ठेवलेली जास्त उपयोगी पडतात.

पाण्यात चुन्याची निवळी देतो. तेवढ्यावर भागत नाही का?

भागत नाही. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. एका लिटर निवळीत कॅल्शियम एका ग्रॅमच्या आतच असतं, आणि कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. गणित तुम्हीच करा. शिवाय निवळीबरोबर खालचा चुना ढवळला गेला तर तोंड-घसा भाजतो. पानाचा चुना खाद्यात मुळीच घालू नये.

आम्ही दुकानातलं तयार खाद्य देतो. तरीही खडे लागतात का?

फक्त दळलेलं किंवा गोळी खाद्य देत असाल, पक्षी शेडच्या बाहेर येत नसतील आणि त्यांना धान्य, हिरवा पाला, शेवगा, मेथीघास काहीच मिळत नसेल, तर खड्यांवाचून अडत नाही. दळण कारखान्यातच झालेलं असतं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात साधारण साडेतीन ते चार टक्के कॅल्शियमही असतं.

पण असं पाळणारे आपल्याकडे किती? खाद्याचा भाव वाढला की शेडवालाही अर्धं पोतं ज्वारी नाहीतर मका आणून मिसळतो. सुगीत खळ्यावरची मातेरी ज्वारी कोंबड्यांपुढे पडते. कुणी मक्याचा जाड भरडा करून घालतं. ज्या दिवशी अख्खा दाणा किंवा तंतुमय पाला सुरू झाला, त्या दिवसापासून खडे सुरू करा. शक्य असेल तर त्याआधी दोन-तीन दिवस.

खडे आणायचे कुठून?

सोपा रस्ता म्हणजे जवळचं खडी क्रशर. तिथे सगळ्यात बारीक जी कच निघते ती घ्या. एका घमेल्यात पंधरा-वीस कोंबड्यांचं बरेच महिने निघतं, आणि एवढ्याशा मालाचे पैसे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. घरी आणून आधी बारीक चाळणीने चाळून भुकटी काढून टाका. भुकटी गिझार्डमध्ये थांबत नाही, आणि पक्ष्यांच्या नाकाडोळ्यांत जाते. मग पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि उन्हात वाळवा. आपल्याकडची कच काळ्या बेसाल्टची असते, ती कडक आहे, चालते. सुईसारखे लांबट तुकडे दिसले तर वेचून टाका. बाकीच्या साध्या कोपऱ्यांची भीती नको. किंचित कोनेदार खडा गोट्यासारख्या गुळगुळीत खड्यापेक्षा चांगला भरडतो.

नदीची जाड वाळूही चालते. गोदावरी, मांजरा, तेरणा, सिंदफणा, कुठलीही. गावात बांधकाम सुरू असेल तर वाळू चाळल्यावर वर राहणारे खडे मागून आणा. मात्र गावाचं गटार नदीत मिळतं त्याच्या खालच्या अंगाची वाळू घेऊ नका, आणि कुठलीही वाळू न धुता देऊ नका.

काय देऊ नये तेही लिहून ठेवा: सिमेंटचा चुरा, प्लॅस्टरचे ढेपळे, डांबर लागलेली खडी, काच, बांगड्यांचे तुकडे, फुटक्या रंगीत टाइल्स. आणि खडेमीठ. जनावरांसाठी गोठ्यात ठेवलेलं जाडं मीठ कोंबडी खडा समजून टिपते. मिठाच्या बाबतीत कोंबडी फार नाजूक असते. आधी भयंकर तहान, मग पातळ हगवण, मग पाय लटपटणं, आणि त्यात प्यायला पाणी कमी असेल तर मरणच. मीठ झाकून ठेवा.

खडा केवढा असावा?

पिल्लांना बाजरीच्या दाण्याएवढा, म्हणजे एक ते दोन मिलिमीटर. दोन महिन्यांच्या पुढच्या वाढत्या पक्ष्यांना ज्वारीच्या दाण्याएवढा, तीनेक मिलिमीटर. मोठ्या कोंबडीला तूर किंवा लहान हरभऱ्याएवढा, चार ते सहा मिलिमीटर. मिलिमीटर मोजत बसू नका, धान्याच्या दाण्याशी ताडून पाहिलं की पुरे. मोठ्या पक्ष्याला फार बारीक खडा दिला तर तो थांबत नाही, पुढे निघून जातो. पिल्लाला फार मोठा दिला तर ते टिपतच नाही.

किती आणि कसे द्यायचे?

वेगळ्या भांड्यात ठेवा आणि कोंबडीवर सोडा. पोटभर खाद्य-पाणी मिळणारी कोंबडी गरजेपुरतेच खडे घेते. भांडं जड असावं, नाहीतर ती पायाने उलटून टाकते. जुनी कुंडी, फुटक्या रांजणाचा तळ, दगडी उखळ, काहीही चालतं. पावसाचं पाणी आणि विष्ठा पडणार नाही अशा जागी, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. आठवड्यातून एकदा वरचा कचरा काढा.

खाद्यात मिसळून द्यायची पद्धतही आहे, पण मला ती पटत नाही. किती खाल्ले ते कळत नाही, आणि खाद्य संपल्यावर तळाशी उरलेले खडे भुकेला पक्षी पोट भरायला खातो.

पिल्लांना कोणत्या दिवसापासून?

पहिला आठवडा फक्त पिल्लांचं बारीक खाद्य आणि स्वच्छ पाणी. या दिवसांत पिल्लाला खाद्य आणि खडा यांतला फरक कळत नाही. समोर खड्यांचं भांडं ठेवलं तर भुकेलं पिल्लू त्यानेच पोट भरतं. दुसऱ्या आठवड्यात कण्या, ज्वारीचा भरडा किंवा चिरलेला पाला सुरू करणार असाल तर खाद्यावर चिमूटभर बारीक, धुतलेली वाळू भुरभुरा. तीन-चार आठवड्यांनंतर वेगळं लहान भांडं ठेवा, तेही सकाळी खाद्य देऊन झाल्यावर.

कोंबडीखाली निघालेली पिल्लं आईमागे उकिरड्यावर उकरतात आणि हे सगळं तिच्याकडून शिकतात. त्यांना शिकवायला जाऊ नका. इन्क्युबेटरमधून आणलेल्या वनराज, गिरिराज अशा सुधारित जातींच्या पिल्लांची जबाबदारी मात्र आपली.

विष्ठेत अख्खी ज्वारी दिसायली. हे खड्यांच्या कमतरतेनं का?

शक्यता मोठी आहे, विशेषतः पक्षी जाळीत असतील तर. आठवडाभर कडक खडे ठेवून बघा. फरक पडला तर उत्तर मिळालं. नाही पडला तर जंत, रक्ती हगवण किंवा आतड्याचा दुसरा आजार असू शकतो, तेव्हा विष्ठा तपासून घ्या.

विष्ठा हिरवी पातळ आणि मान वळलेली, पंख लोंबलेले, धाप लागलेली, असं असेल तर खड्यांचा विचारही करू नका. ती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणं आहेत. आजारी पक्षी वेगळे काढा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा.

गळ्याखाली टणक गोळा आला आहे, कोंबडी खात नाही. काय करावं?

अन्नपिशवी दाटली असणार. संध्याकाळी ती भरलेली असणं बरोबर, पण सकाळी दाणा टाकायच्या आधी रिकामी लागली पाहिजे. सकाळीही घट्ट भरलेली असेल तर अडचण आहे. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे उन्हाळ्यातलं वाळलेलं लांब गवत, कडब्याचे धागे, सुतळी आणि प्लॅस्टिक पिशवीचे तुकडे. त्याचा गुंता होतो आणि पुढे सरकत नाही. खाली गिझार्डमध्ये खडे नसतील तर माल पुढे सरकायचा वेग आणखी कमी होतो.

एक दिवस दाणा बंद ठेवा, पाणी चालू ठेवा. गोळा बोटांनी हलक्या हाताने, गोल गोल चोळा. तोंडात जबरदस्तीने तेल ओतू नका, ते श्वासनलिकेत गेलं तर पक्षी हातातच जातो. उलटं धरून पिशवी पिळण्याचा प्रकारही सोडून द्या, त्याचाही शेवट तोच. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा तसाच असेल तर पशुवैद्यकाकडे न्या. छोटा छेद घेऊन ते पिशवी मोकळी करू शकतात.

पेरणीच्या दिवसांतच आमच्या कोंबड्या एकदम मरतात. मानमोडीची लस तर दिलेली असते. मग कशानं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

खडे शोधणारी कोंबडी चोचीत बसेल असा कोणताही कडक कण उचलून बघते. जून-जुलैत शेतात, बांधावर, ओट्यावर असे कण भरपूर सांडलेले असतात. डीएपी आणि युरियाचे दाणे, औषध चोळलेलं लाल-गुलाबी बियाणं, आणि सगळ्यात घातक म्हणजे दाणेदार कीटकनाशकं. फोरेट, ज्याला गावात थायमेट म्हणतात, त्याच्या वापरावर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे, तरी जुन्या पुड्या कुणाच्या कोठीत पडलेल्या असतात. कार्बोफ्युरान आणि फिप्रोनिलचे दाणेही पक्ष्यांना अतिशय विषारी. रानातले पक्षी असे दाणे खडा समजून टिपतात आणि मरतात, ही जगभर नोंदली गेलेली गोष्ट आहे. कोंबडी तेच करते.

त्यात आपल्याकडे गोगलगायीची भर पडली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाऊन टाकली. तेव्हापासून मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बांधाबांधावर टाकल्या जातात. या गोळ्या दिसायला थेट खाद्याच्या गोळीसारख्या, आणि कोंबडीलाही विषारी.

म्हणून पेरणीपासून पुढचे तीन आठवडे पक्षी शेताकडे सोडू नका आणि घराजवळ खड्यांचं भांडं भरलेलं ठेवा. पोटात पुरेसे खडे असलेली कोंबडी कमी शोधाशोध करते. पेरणी यंत्र, पाभर, रिकामी पोती अंगणात झाडू नका. शेजारच्या शेतात गोळ्या टाकणार असतील तर त्यांनी आधी सांगावं, एवढं दादा-वहिनींना जाऊन प्रेमाने सांगा. पुष्कळ भांडणं त्यानेच टळतात.

विष खाल्लेल्या पक्ष्याला लाळ सुटते, पाय लुळे पडतात, झटके येतात. कुठल्या औषधाचा दाणा होता ते पाकिटासकट पशुवैद्यकाला दाखवा. घरगुती उताऱ्यात वेळ घालवू नका. आणि मेलेला पक्षी वाया जाऊ नये म्हणून शिजवू नका, कुत्र्या-मांजरांनाही घालू नका. खोल खड्ड्यात पुरा.

सोयाबीन घरचंच आहे. खडे असले की कोंबडी कच्चं सोयाबीन पचवते का?

पचवत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. खडा दाणा फोडतो, पण ते घटक तसेच राहतात. वाढ खुंटते, स्वादुपिंड सुजतं. भाजल्याने किंवा चांगलं शिजवल्याने ते घटक निकामी होतात. सोयाबीन खायचं तर पेंड, नाहीतर भाजून भरडलेलं, तेही थोडं. काढणीच्या दिवसांत खळ्यावरचे चार दाणे खाल्ले तर काही होत नाही, ढीग मोकळा सोडू नका.

बुरशी धरलेल्या मक्याचंही तसंच. खडे त्यातलं विष काढत नाहीत. असा मका कितीही चाळला तरी कोंबड्यांना घालायचा नाही.

एप्रिल-मेमध्ये अंड्याचं कवच पातळ होतं. शिंपले वाढवायचे का?

भांड्यात ठेवायला हरकत नाही, पण मूळ कारण ऊन आहे. पारा ४० च्या वर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि कवचाचं कार्बोनेट बनायला तोच लागतो. वर उन्हामुळे खाणं कमी, म्हणजे कॅल्शियमही कमी. त्यामुळे शिंपले वेगळे ठेवल्याने मदत होते, पण निम्म्यापुरतीच. उरलेलं काम सावली, थंड पाणी आणि वेळेचं. पत्र्यावर कडबा किंवा उसाचं पाचट अंथरा, माठातलं पाणी दिवसातून तीनदा बदला, दाणा पहाटे आणि दिवस मावळताना टाका. टँकरच्या दिवसांतही कोंबडीचं पाणी तोडू नका. पाणी नसेल तर अन्नपिशवीत दाणा भिजत नाही आणि खडेही काही करू शकत नाहीत.

पेट्यात खिळा सापडला. तो खड्याचं काम करतो का?

करतो म्हणण्यापेक्षा घात करतो. गिझार्ड इतक्या जोराने आवळतं की तारेचा तुकडा, टाचणी, छोटा खिळा अस्तर भेदून आरपार जाऊ शकतो. रंगाचे पोपडे, बॅटरीचे तुकडे, शिशाचे कण तर आत झिजत झिजत रक्तात विष सोडतात. शेडचं काम झालं, जाळी कापली, वेल्डिंग केलं की जमिनीवरून लोहचुंबक फिरवून घ्या. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात जुन्या स्पीकरचं चुंबक मिळून जातं.

बदकं, कबुतरं, लाव्ही यांनाही खडे लागतात?

अख्खा दाणा खाणाऱ्या सगळ्याच पाळीव पक्ष्यांना लागतात. कबुतर दाणा सोलत नाही, तसाच गिळतं, त्याला तर हवेतच. लाव्हीला पिल्लांच्या मापाचा बारीक खडा. बदकं ओढ्याकाठी असतील तर वाळू स्वतः खातात.

खडे दिल्याने वजन आणि अंडी वाढतात का?

अख्खं धान्य आणि पाला खाणाऱ्या, जाळीतल्या पक्ष्यांमध्ये खाल्लेलं जास्त अंगी लागतं, म्हणून फरक दिसतो. तयार दळलेल्या खाद्यावरच्या पक्ष्यांत दिसण्यासारखा फरक पडेलच असं नाही. खड्यांना टॉनिक समजून कुणी महाग पुडी विकत असेल तर घेऊ नका.

बाजारात तयार ग्रिट मिळतं. ते घ्यावं का?

घेण्याआधी पोत्यावर काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे या नावाने विकला जाणारा बराचसा माल शिंपले, चुनखडी किंवा संगमरवराचा असतो, म्हणजे कॅल्शियम. अंड्यावरच्या कोंबड्यांना तो उपयोगी आहे, पण दळायच्या खड्यांची जागा तो घेत नाही. मूठभर घेऊन लिंबाची परीक्षा तिथेच दुकानात करा. क्रशर जवळ नसेल आणि कडक दगडाचंच ग्रिट मिळत असेल तर जरूर घ्या.

पक्षी का मेला हे नक्की कळायला कुठे जायचं?

आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. मोठ्या संख्येने मर होत असेल तर परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे तपासणीसाठी पक्षी कसा आणि कधी आणायचा, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारूनच निघा. मेलेला पक्षी दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका, आणि जमेल तितक्या लवकर पोचवा. उन्हाळ्यात चार-पाच तासांतच आतले अवयव कुजायला लागतात. सोबत थोडं खाद्य, भांड्यातले मूठभर खडे आणि आसपास वापरलेल्या औषधांची पाकिटं न्या. पोट उघडल्यावर गिझार्डमध्ये जे सापडेल, ते या वस्तूंशी ताडून बघता येतं.